सगळं ‘ग्लुटेन-फ्री’ आणते, तरी लेकीचा टीटीजी उतरत नाही (इंदूर)

राजेंद्रनगरची आई
लेक नऊ वर्षांची, सिलिअ‍ॅक आहे. म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनाने तिच्या आतड्याला इजा होते. दीड वर्षापासून घरात गहू, रवा, मैदा, शेवया सगळं बंद. टीटीजी (ग्लुटेन पोटात जातंय का ते सुचवणारी रक्ततपासणी) आधी भराभर उतरला, पण गेल्या दोन तपासण्यांत आहे तिथेच. पोटही मधूनच फुगतं. डॉक्टर म्हणतात, कुठूनतरी गहू जातोय. ज्वारीचं पीठ, बेसन, चकली, कॉर्नफ्लेक्स, सगळं ग्लुटेन-फ्रीच आणते. बाकी सकाळचे पोहे. कुठे शोधू?

चिवडा_कमी_तिखट
कॉर्नफ्लेक्सच्या पाकिटावर खरंच तसं लिहिलंय, की मक्याचे म्हणून तुम्हीच धरून चाललात? बहुतेकांत चवीला माल्ट असतं. माल्ट म्हणजे मोड आणलेलं धान्य, बहुधा जव, आणि जवातही ग्लुटेन असतं.

राजेंद्रनगरची आई
आत्ता उठून बघितलं. घटकांत ‘बार्ली माल्ट’ आहे, ग्लुटेन-फ्री कुठेच नाही. कपाळावर हात मारून घेतला.

रामबागवाले
ताई, खपली गहू देऊन बघा. जुनं वाण, पचायला हलकं. आमच्या साडूंना मानवतो.

आहारताई
दादा, कृपा करून हे सिलिअ‍ॅकच्या मुलाला सुचवू नका. खपली गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे. साडूंना मानवतो म्हणजे त्यांना सिलिअ‍ॅक नसेल.

ताई, ज्वारीचं पीठ कुठलं? एफएसएसएआयच्या (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या) नियमानुसार ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोला २० मिलिग्रॅमच्या आत. आता हिशेब बघा. गव्हाच्या एका दाण्यात साधारण चार मिलिग्रॅम ग्लुटेन निघतं, म्हणजे किलोभर ज्वारीत पाच दाणे आले की मर्यादा गाठली. चक्कीवाल्याने आधी कुणाचा शरबती गहू दळला असेल तर दाणे मोजायचीही गरज नाही, चक्कीच्या दगडाला चिकटलेलं पीठच पुरे. तो ‘ग्लुटेन-फ्री’चा स्टिकर लावतो ते खोटं बोलायचं म्हणून नाही. ज्वारीत गहू नसतो एवढंच त्याला ठाऊक असतं.

राजेंद्रनगरची आई
कोपऱ्यावरच्या चक्कीचंच, साधी पिशवी आणि वर छापील चिठ्ठी. बेसनही तिथलंच.

मालवी_काकू
अगं, मग सापडलं की! माझ्या नातवाचं हेच झालं होतं. आता ज्वारी आणि हरभरा डाळ अख्खी आणते, ताटात पसरून दाणा न् दाणा निवडते, धुऊन कडक वाळवते आणि घरच्या छोट्या घरघंटीत दळते. त्या घंटीत गहू कधीच घालत नाही. सूनबाईने एकदा घातला होता, त्यावरून झालेलं रामायण इथे नको.

आणि हिंग बघ गं. डबीतला हिंग म्हणजे बांधानी हिंग, त्यात गोंद आणि बहुतेक वेळा मैदा. पोह्यांच्या फोडणीत, पोह्यांवरच्या जिरावन मसाल्यात, चकलीत, वरणात, रोजचंच. तांदळाचं पीठ लिहिलेली डबी मिळते, सियागंजात विचार. नुसतं ‘खडा हिंग आहे’ म्हणाला तर विश्वास ठेवू नकोस, घटक वाच. घरचं मेतकूटही बघ, आमच्याकडे त्यात मूठभर गहू भाजून घालायची पद्धत होती.

आहारताई
काकूंना अनुमोदन. चाळणी, पोळपाट-लाटणं आणि तळणीचं तेलही वेगळं हवं. आणि टीटीजी उतरायला महिने लागतात, बदल केल्यावर पंधरा दिवसांत तपासू नका.

राजेंद्रनगरची आई
काल एक किलो ज्वारी निवडली. गव्हाचे अकरा दाणे! वाटीत ठेवून नवऱ्याला दाखवले, तोही गप्प. हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात मैदा आहेच. चक्कीचं पीठ आणि तो हिंग, दोन्ही बंद. तपासणी तीन महिन्यांनी.

एकच अडचण उरली. इंदुरात वाढलेली पोर, पोह्यांवर शेव नाही म्हटल्यावर ताटाकडे बघतही नाही. नमकीनच्या दुकानातली शेव चालेल का? बेसनाचीच तर असते.

मालवी_काकू
नको गं. त्याच कढईत मैद्याची मठरी आणि कचोरी तळतात. सोऱ्या आहे ना घरी? रविवारी डाळ दळ, हिंगाऐवजी ओवा घाल, आणि पहिला घाणा तिलाच पाडू दे.