डोसिंग पंप फिरतो, तरी क्षारता घसरते

प्रश्न (विश्रामबाग, सांगली): माझ्या प्रवाळांच्या टाकीची क्षारता (पाण्यातील कार्बोनेट-बायकार्बोनेटचे प्रमाण) पंधरवड्यात ८.५ वरून ६.८ डीकेएचवर (क्षारता मोजण्याचे एकक) आली आहे. टाकीत ठरावीक मात्रेने द्रावण सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा रोलर (नळी दाबत द्रावण पुढे ढकलणारे चाक) नेमाने फिरतो, पण बाटलीतील क्षारता वाढवणारे द्रावण फारसे उतरत नाही. मोटर बदलावी का?

उत्तर १: मोटरला दोष देऊ नका. रोलरखालची नळी सतत दाबली जाऊन चपटी होते, पूर्ववत फुगत नाही आणि दर फेरीला कमी द्रावण ओढते. नवी नळी बसवून मोजपात्रात १० मिली सोडून कॅलिब्रेशन करावे, म्हणजे पंपाची मात्रा मोजून जुळवावी.

उत्तर २: आधी नळीचे टोक पाहावे. पांढरा थर धरला असल्यास व्हिनेगरमध्ये बुडवावे. कॅल्शियमचे द्रावण सोडणारी नळी असल्यास ती शेजारी नको. दोन्ही द्रावणे भेटली की चुना साकळतो.

प्रश्नकर्ता: टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा खडा निघाला, नळीही चपटीच होती! क्षारता एकदम वाढवू का?

उत्तर १: नाही, दिवसाला १ डीकेएचहून अधिक नको.