मदत हवी आहे: आठवड्याला दोनशे किमी सायकल चालवताना वजन टिकवायला नक्की किती खायचं?

नमस्कार मंडळी, ज्या मैत्रिणी नियमित लांबच्या राईड करतात त्यांनी तर प्लीज वाचाच. वजन कमी करायचे धागे भरपूर सापडले पण मला उलटं हवंय, माझं वजन उतरायचं थांबवायचंय.

वय ३८, उंची १५७ सेंमी. दिवाळीत वजन साडेपंचावन्न होतं, आता चार महिन्यांनी ५१. पुण्यात धनकवडीत राहते, मंगळ-गुरू-शनी पहाटे खडकवासला-डोणजे करून परत, साधारण ३५ किमी, आणि रविवारी भोरच्या बाजूला जाऊन-येऊन नव्वद. डिसेंबरात पहिली २०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तासांच्या आत पूर्ण केली, त्या तयारीपासून राईड वाढल्या त्या वाढल्याच, ताट मात्र तेच राहिलं. सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी डब्यात दोन पोळ्या भाजी, रात्री एक भाकरी, वरण-भात थोडा.

सुरुवातीला सगळे म्हणायचे किती छान बारीक झालीस, मलाही बरं वाटायचं. मग पाळी चाळीस दिवसांवर गेली आणि गेल्या महिन्यात आलीच नाही, केस गळतायत, झोप नीट नाही. हिमोग्लोबिन ११.२ आलं (बायकांना निदान १२ हवं). आई परवा बघून एवढंच म्हणाली, गालफडं बसलीत गं तुझी.

आणि मागच्या रविवारी जे झालं त्यानंतर हे लिहायचं ठरवलं. भोरहून परत येताना शिंदेवाडीकडून कात्रजचा जुना घाट चढत होते, निम्म्यात पायातलं सगळं त्राणच गेलं, डोळ्यांपुढे अंधारी, घाम गार. उतरून कठड्यावर बसले, खिशात शेंगदाण्याची चिक्की होती पण बोटं इतकी थरथरत होती की कागद फाटेना, शेवटी दातांनी फाडला. साडेचार तासांत मी एक केळं आणि ओआरएसचं पाणी एवढ्यावर होते. तासाभराहून मोठ्या राईडला ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, म्हणजे कमीत कमी १३५ ग्रॅम, आणि केळ्यात असतात जेमतेम २५. हे वाचलेलं होतं, पण घरी भूक लागली नाही तर राईडवर का खायचं असं वाटायचं.

आता हिशोब सांगते, चुकत असेल तर सांगा. मिफ्लिनच्या सूत्राने (वजन, उंची, वय यांवरून काढतात) माझा नुसता पडून राहण्याचा खर्च ११४० कॅलरी येतो, बैठी नोकरी आणि घरकाम धरून १६००. सायकलचं म्हणाल तर घड्याळ तासाला ५५० दाखवतं, त्यावर माझा विश्वास नाही, कारण मैत्रिणीची पॉवर मीटरवाली (पेडलवर लावलेली ताकद मोजणारी) सायकल चालवून बघितली तर सरासरी ९८ वॅट आले म्हणजे तासाला ३५० किलोज्यूल, आणि शरीर सायकलवर खर्च केलेल्या ऊर्जेचा साधारण पाव भागच पेडलपर्यंत पोचवतं, म्हणून किलोज्यूलचा आकडा तोच जवळपास कॅलरीचा धरतात. त्या हिशोबाने आठवड्याला ३३००, दिवसाला सरासरी ४७५. एकूण झाले २०७५. मी खाते १७०० च्या आसपास, म्हणजे वजन का उतरतंय ते उघड आहे.

पण दुसऱ्या बाजूने मोजलं की आकडा बदलतो. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली रेड-एस असं नाव दिलेली एक अवस्था आहे, व्यायामाचा खर्च वजा जाऊन शरीराच्या बाकी कामांना पुरेशी ऊर्जाच उरत नाही, मग पाळी, हाडं, थायरॉइड, प्रतिकारशक्ती सगळ्यावर परिणाम होतो. त्यात चरबी सोडून उरलेल्या दर किलो वजनाला रोज ४५ कॅलरी उरायला हव्यात असं सांगतात, ३० च्या खाली धोका. माझं चरबीशिवायचं वजन ४० किलो धरलं तर १८०० उरायला हव्यात, वर सायकलचे ४७५, म्हणजे २२७५. सध्या माझे ३० च्या काठावर येतात, आणि रविवारचे वेगळे मोजले तर रडूच आलं, खाल्लं १९००, राईडलाच गेले १६००, उरले ३००. भारतीय आहार तक्त्यात (आयसीएमआर, २०२०) ५५ किलोच्या मध्यम कष्टाच्या बाईला २१३० दिलेत, ते दोन्हींच्या मध्ये बसतं.

तर प्रश्न असा की २०७५ धरायचे की २२७५? पाळी गेलेली असताना मला मोठा आकडाच बरोबर वाटतो, वजन किलोभर वाढलं तरी चालेल. आणि रोज सारखं खायचं, की आरामाच्या दिवशी १८००, मंगळवारी २४०० आणि रविवारी ३४०० असं? रविवारी एवढं पोटात जाणार कसं, राईडनंतर दोन तास अन्न बघवत नाही. खिशात काय नेता तुम्ही, मीठ लावलेले उकडलेले बटाटे, राजगिऱ्याचा लाडू, गूळपोळी? पाकिटातली एनर्जी जेल मला पचत नाहीत.

*

अपडेट: सगळ्यांचे मनापासून आभार. ज्या तिघींनी आधी डॉक्टर मग कॅलरी असं लिहिलंत त्यांचं ऐकलं, शुक्रवारची स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइडच्या तपासण्याही करून घेणार. तोवर रविवार ४० किमीवर आणलाय. रात्री दोन भाकऱ्या, पहाटे निघताना गूळ-तूप-पोळीचा रोल आणि परत आल्यावर जेवण जात नाही तर ताकाऐवजी केळं घातलेलं दूध, असं चार दिवस चाललंय. पहाटे पाचला पोळी खाऊन चढाला मळमळतं का कुणाला? निघायच्या किती आधी खाता तेवढं सांगा.