मदत हवी आहे : क्रूझर मोटरसायकलसाठी जुन्या धाटणीचे टायर, कुठले घेऊ?

फटफटीवाला
दोन्ही टायरांचा गोटा झालाय. बदलायचेच आहेत तर या वेळी जुन्या धाटणीचे हवेत. करवती, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या नक्षीचे, गलेलठ्ठ, शक्यतो पांढऱ्या पट्ट्याचे. शोधायला बसलो तर एक म्हणतो दिसायला झकास, दुसरा म्हणतो जिवावर बेतेल. चाकं काढून मेकॅनिककडे पडली आहेत आणि तो रोज विचारतो, टायर आले का? कृपया थेट नाव सांगा, आजच मागवायचेत. "ज्याची त्याची आवड" छाप उत्तरं नकोत.

तेलकट_हात
गाडी कुठली? माप काय?

सई_चाकावर
आणि आऱ्यांची चाकं की अलॉय? एकटे चालवता की डबलसीट? पावसात काढता का गाडी?

फटफटीवाला
क्रूझर आहे, शीर्षकात लिहिलंय. चाकं 16 इंची. 16 इंची करवती टायर मिळतात हे मी पाहिलंय, फक्त कुठल्या कंपनीचा ते सांगा.

तेलकट_हात
16 इंच हा फक्त रिमचा व्यास झाला. रुंदी, उंची, वजन पेलायची क्षमता यातलं काहीच त्यावरून कळत नाही. जुन्या टायरच्या कडेवर जे काही छापलंय ते जसंच्या तसं उतरवून टाका. अक्षरं, आकडे, बाण, सगळं. आणि गाडीचं नाव लिहायला काय हरकत आहे राव?

जुनं_खोड
टायरचा विषय निघालाच आहे तर सांगतो, डनलॉपच्या टीटी100 सारखा टायर पुन्हा झाला नाही. मूळ नाव के81. 1969 साली आयल ऑफ मॅन बेटावरच्या टीटी शर्यतीत माल्कम अपहिलने ट्रायम्फ बॉनव्हिलवर ताशी 100 मैलांहून जास्त सरासरीने फेरी मारली. प्रॉडक्शन गाडीने, म्हणजे दुकानात मिळते तशा गाडीने, असं पहिल्यांदाच केलं. त्यावरून टायरचं नावच टीटी100 पडलं. जुन्या धाटणीचं काही हवं असेल तर डोळे मिटून तोच घ्या.

तेलकट_हात
काका, माहिती छान आहे, पण तो टायर 18-19 इंची रिमांसाठी. धागाकर्त्याची चाकं 16 ची.

जुनं_खोड
मी शैलीबद्दल बोलत होतो.

फटफटीवाला
घ्या. कावासाकी व्हल्कन 800 क्लासिक. पुढे 130/90-16 67H, मागे 140/90-16 71H. आऱ्यांची चाकं, ट्यूब आहे. मागे बायको बसते, सामानाच्या पिशव्याही असतात. पावसात चालवतो, गाडी शोकेसमध्ये ठेवायला घेतलेली नाही. शेवटी 2311 असा आकडा आहे, तो कशाचा माहीत नाही. आता नाव सांगा.

सई_चाकावर
2311 म्हणजे 2011 सालातला 23वा आठवडा. टायर तेव्हा बनला. नक्षी शिल्लक असती तरी इतकं जुनं रबर दगडासारखं होतं, तेव्हा काढलेत ते उत्तमच. नवीन टायरवरही हे चार आकडे बघूनच घ्या. जुन्या धाटणीचे टायर फारसे खपत नाहीत, त्यामुळे गोदामात वर्षानुवर्षं पडून राहिलेला माल गळ्यात पडू शकतो.

67 म्हणजे 307 किलो, 71 म्हणजे 345 किलो. H म्हणजे ताशी 210 किमीपर्यंत. डबलसीट आणि सामान असेल तर मागे 71 च्या खाली जाऊ नका. करवती टायरांत P किंवा S सुद्धा दिसेल, म्हणजे 150 आणि 180 किमी. वेग तुम्ही गाठणार नाही, पण वजनाच्या आकड्यात तडजोड नको.

अवजड
मी सांगू का? मागे कारचा टायर टाका. क्रूझरवाले जगभर टाकतात, 'डार्कसाइड' म्हणतात त्याला. मोटरसायकलच्या टायरच्या दुप्पट टिकतो, वजनाची चिंता नाही आणि जाड असल्याने जुन्या गाडीसारखा भारदस्त दिसतो. एकदा टाकला की परत फिरणार नाही.

सई_चाकावर
अवजड, कृपया नको. कारच्या टायरचा पृष्ठभाग सपाट. गाडी वळणात कलली की तो एका कडेवर उभा राहतो. शिवाय मोटरसायकलच्या रिमची टायर पकडणारी कड वेगळ्या आकाराची असते. कारचा टायर तिच्यावर नीट बसलाय की नुसता अडकलाय हे बाहेरून कळत नाही. त्यात यांना ट्यूब घालायची आहे.

अवजड
मी वर्षानुवर्षं चालवतोय, काही झालेलं नाही. पुस्तकी ज्ञान वेगळं.

गिरकी
"काही झालेलं नाही" हा पुरावा नसतो हो. हेल्मेटबद्दलही लोक हेच म्हणतात.

फटफटीवाला
कारचा टायर नकोय. मला करवती 5.00-16 मिळतोय, दोन्ही चाकांना एकसारखे. फायरस्टोन डीलक्स चॅम्पियन किंवा शिंको 270. दोघांपैकी कुठला?

तेलकट_हात
आधी बसेल का ते बघू.

130/90-16 चं गणित : रुंदी 130 मिमी, उंची तिच्या 90 टक्के म्हणजे 117. वरची-खालची मिळून 234, अधिक 16 इंचांचे 406. बाहेरचा व्यास 640.
5.00-16 चं : रुंदी 5 इंच म्हणजे 127 मिमी. या जुन्या इंची मापात उंची साधारण रुंदीएवढीच धरायची. 254 अधिक 406, म्हणजे 660.

पुढचं चाक 20 मिमीने मोठं होणार, म्हणजे मडगार्डच्या दिशेने 10 मिमी वर सरकणार. तुमच्या गाडीचं मडगार्ड खोल, चाकाला कवटाळून बसलेलं. मागे मात्र 140/90-16 चा व्यास 658 येतो, 5.00-16 जवळपास तेवढाच. मागे बसेल असं वाटतं, पुढे शंका आहे. हे कागदावरचं झालं, कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं. त्या टायरच्या तक्त्यात प्रत्यक्ष व्यास आणि रिमची चालणारी रुंदी दिलेली असते, ती बघा. तुमच्या रिमवर रुंदी कोरलेली असेल, MT 3.00 असं काहीतरी.

पुढच्या मडगार्डखाली सगळ्यात कमी जागा किती आहे?

फटफटीवाला
चाकं काढलीत असं पहिल्याच वाक्यांत लिहिलंय. मोजू कुठून?

तेलकट_हात
जुने टायर रिमवरच आहेत ना? मेकॅनिकला सांगा, एक्सल घालून पुढचं चाक नुसतं अडकव. पाच मिनिटांचं काम आहे. मोजताना मडगार्डच्या आत आलेले बोल्ट विसरू नका, टायर घासतो तो नेमका तिथे. गोटा झालेला टायर नव्यापेक्षा बारीक असतो हेही धरा.

नवशिक्या
अवांतर : पांढरा पट्टा रंगवून नाही का करता येत? किंवा ते चिकटवायचे गोल मिळतात ते?

गिरकी
रंग करता येतो, पण टायर फिरताना कड सतत वाकते, त्यामुळे रंगाला तडे जातात आणि पोपडे निघतात. चिकटवायच्या गोलांत कडेने धूळ शिरते आणि वेग वाढला की ते फडफडायला लागतात. खऱ्या व्हाइटवॉलमध्ये पांढरं रबर टायरच्या अंगातच असतं. नवीन टायरवर निळसर लेप असेल तर घाबरू नका, पट्टा मळू नये म्हणून लावतात, साबणाच्या पाण्याने जातो. पुढे पट्टा पिवळट-तपकिरी पडतो कारण रबराला तडे जाऊ नयेत म्हणून मिसळलेली द्रव्यं हळूहळू वर येतात. मऊ ब्रश, साबण, भरपूर पाणी. पेट्रोलने पुसायला जाऊ नका, रबर खराब होतं.

नवशिक्या
धन्यवाद! वाचनखूण साठवली.

जुनं_खोड
करवती टायरला उगाच बदनाम करतात. आमच्या तरुणपणी सगळ्या गाड्यांना असेच टायर असायचे. पाऊस, चिखल, घाट, सगळं त्यावर केलं.

सई_चाकावर
काका, तेव्हा गाड्यांची ताकदही तेवढीच होती, ब्रेकही तसेच आणि रस्त्यावरचा वेगही. आज पुढच्या गाडीला डिस्क ब्रेक आणि एबीएस असतं. ती जागच्या जागी थांबते आणि आपण तिच्यामागे 1940 च्या नक्षीवर.

करवती टायर मी वापरलाय, कंपनीचं नाव घेत नाही. सरळ कोरड्या रस्त्यावर मजा येते, तक्रार नाही. पण नक्षीचे ठोकळे मोठे आणि सपाट, पाणी कापायला बारीक खाचा जवळजवळ नाहीत, रबर कडक. ओल्या रस्त्यावर रंगवलेल्या पट्ट्यांवरून किंवा लोखंडी झाकणांवरून जाताना मागचं चाक हलकंसं सरकतं. शिवाय टायरचा माथा चपटा. वळणात गाडी आधी झुकायलाच तयार होत नाही आणि मग एकदम पडल्यासारखी झुकते. सवय होते म्हणा. डबलसीट बसलेल्या माणसाला नाही होत.

फक्त उन्हातल्या रविवारच्या फेऱ्या असत्या तर मीच म्हटलं असतं, घ्या बिनधास्त. तुम्ही पाऊस आणि बायको दोन्ही लिहिलंय.

जुनं_खोड
चालवणाऱ्याच्या हातात असतं सगळं.

सई_चाकावर
टायरच्या हातातही थोडं असतं.

अवजड
कारच्या टायरला पावसाच्या खाचा असतात बरं का. फक्त सांगून ठेवतो.

गिरकी
काडी टाकून पळू नका.

फटफटीवाला
मोजलं. पुढे सगळ्यात अरुंद जागा 12 मिमी, बोल्टापाशीच. मागे भरपूर आहे. मेकॅनिक म्हणतो मडगार्ड वॉशर घालून थोडं उचलतो. आणि नाहीतर मागे करवती 5.00-16, पुढे मूळ मापाचा साधा, असं केलं तर?

तेलकट_हात
12 मधून 10 गेले, उरले 2. तेही गाडी उभी असताना. वेगात टायर थोडा फुगतो, टायरला चिकटलेला खडा आत जातो. पुढचं चाक मडगार्डमध्ये अडकलं तर काय होतं ते लिहीत नाही. वॉशरने उचलायचं झालं तरी मडगार्डचा घेर तोच राहणार, पुढे-मागे कडेला घासेल. शिवाय मीटरची केबल पुढच्या चाकावरून जात असेल तर मोठ्या टायरमुळे मीटर खऱ्यापेक्षा साधारण 3 टक्के कमी वेग दाखवेल. माझ्या मते पुढचा विषय संपला.

मागे करवती, पुढे साधा : चालतं. फक्त दोन्ही क्रॉस-प्लाय (आतले धाग्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदणारे) असू द्या, एक रेडियल (धागे कडेपासून कडेपर्यंत सरळ आडवे) आणि एक क्रॉस-प्लाय असं मिश्रण नको. आणि साधा म्हणजे कसाही लावायचा नाही, त्यावर बाण असेल तर फिरण्याची दिशा बघून.

सई_चाकावर
मी असहमत. क्रॉस-प्लाय असले तरी मागचा माथा चपटा आणि पुढचा गोल असेल, तर पुढचं चाक वळणात शिरतं आणि मागचं मागे राहतं. विशेषतः सामान लादल्यावर गाडी वळवळते. जोडीचे म्हणून बनवलेले टायर घ्यावेत.

तेलकट_हात
वळवळ बहुतेक वेळा हँडलच्या बेअरिंगमुळे किंवा हवा कमी असल्याने असते, टायरच्या नावावर जाते. कारखान्यातून निघणाऱ्या कित्येक क्रूझरना पुढे 19 किंवा 21 इंची बारीक आणि मागे 15-16 चा जाड टायर असतो. त्यांच्या माथ्याचा आकार कुठे सारखा असतो?

सई_चाकावर
ती जोडी कारखान्याने तपासून दिलेली असते. आपण दुकानातून उचलून लावलेली नाही.

तेलकट_हात
बरं. इथे एकमत होणार नाही.

गिरकी
फटफटीवाले, तुम्हाला नेमकं काय हवंय? लांबून बघणाऱ्याला गाडी जुनी दिसायला हवी असेल तर निम्मं काम पांढरा पट्टाच करतो. रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीची नक्षी कुणाला दिसते? मूळ मापात, आजची पावसाळी नक्षी असलेले व्हाइटवॉल मिळतात. शिंको 777 मध्ये आहेत, डनलॉपच्या डी404 मध्येही आहेत. तुमची दोन्ही मापं पट्ट्यासकट मिळतात का ते यादीत बघा. मापाच्या जागी MT90 दिसलं तर ते 130/90 च्याच घरातलं, MU90 म्हणजे 140/90. त्या आकड्यानंतर B असेल तर बायस-बेल्टेड, म्हणजे क्रॉस-प्लायलाच जास्तीचे पट्टे.

फटफटीवाला
मला दिसते ना नक्षी. गाडी लावून चहा पिताना मीच बघत बसतो.

गिरकी
मग तिसरं करवतीचं चाक घ्या आणि चहाशेजारी ठेवा.

जुनं_खोड
हाहा. हे बाकी आवडलं.

फटफटीवाला
झालं, मागवले. मूळ मापाचे, दोन्ही एकाच मॉडेलचे, रुंद पांढरा पट्टा, क्रॉस-प्लाय, 67H आणि 71H. मॉडेलचं नाव लिहीत नाही, नाहीतर त्यावर नव्याने प्रतिसाद सुरू होतील. घरून निकाल आला की करवती असेल तर पावसात मागे कुणी बसणार नाही. आता शेवटचं : टायरवर 'ट्यूबलेस' लिहिलंय आणि माझ्या रिमला ट्यूब लागते. चुकीचे मागवले का? जुनीच ट्यूब चालेल ना?

अवजड
आऱ्यांच्या भोकांवर सीलंट लावून रिमच ट्यूबलेस करून टाका. कटकट संपली.

तेलकट_हात
अवजड, यांच्या रिमला आतून टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा असेलच असं नाही. तो नसेल तर हवा गेली की टायर कडेवरून सुटतो. नको ते.

टायर बरोबर आहेत. ट्यूबलेस टायर ट्यूब घालून आऱ्यांच्या रिमवर चालतो, उलटं चालत नाही. ट्यूब मात्र नवीन, त्याच मापाची. जुनी ट्यूब ताणून वाढलेली असते, नव्या टायरात तिला घडी पडते आणि त्या घडीवरच फुटते. रिमवरची रबरी पट्टीही बदला, ती आऱ्यांच्या टोकांपासून ट्यूब वाचवते. टायरच्या आत हात फिरवून बघायला सांगा, काही टायरांना आतून उत्पादकाची चिकटवलेली लेबलं असतात, ती ट्यूबला घासतात. ट्यूबला थोडी पावडर.

आणि एक गोष्ट मेकॅनिक हमखास करतात : व्हॉल्व्हचा नट रिमवर घट्ट आवळतात. तो रिमपासून सोडवून वर टोपीला टेकवून ठेवायला सांगा. हवा कमी होऊन ट्यूब सरकायला लागली तर व्हॉल्व्ह तिरका दिसतो आणि तुम्हाला कळतं. नट आवळलेला असेल तर काही न दिसता व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. हवा भरल्यावर टायरच्या कडेवरची बारीक रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे ना तेही बघा.

सई_चाकावर
इथे पूर्ण सहमत. फक्त पहिले दीडशे किलोमीटर एकटेच चालवा, जपून. नवीन रबर गुळगुळीत असतं, जोरात ब्रेक आणि तिरकी वळणं तेवढी टाळा. हवा गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना. कडेवर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरू नका.

फटफटीवाला
ट्यूब आणि पट्टी मेकॅनिकला सांगितली. नटचं सांगितल्यावर म्हणाला, आम्ही कायम आवळतो. आता तिथेच उभा राहून करून घेतो.