प्रतिसाद: शिक्षक 'कामगार' नाहीत म्हणून भरपाई नाही?

वर कोणीतरी म्हटलंय की शिक्षक कामगारात मोडत नाहीत, मग जिन्यावरून पडून पाय मोडला तरी काही मिळणार नाही. थोडी गल्लत होतेय. शिक्षक कामगार नाहीत असं म्हणणारा सुप्रीम कोर्टाचा १९८८ चा निकाल गोव्यातल्या शिक्षिकेच्या केसचा, पण तो औद्योगिक विवाद कायद्यापुरता, म्हणजे नोकरीवरून काढण्याबद्दल होता. दुखापतीचं वेगळं आहे.

खाजगी शाळा ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) असेल आणि महिन्याचा पगार २१,००० पर्यंत असेल तर कामावर झालेल्या दुखापतीत पगाराच्या साधारण ९०% मिळतात, आणि त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अटही नाही, अगदी नवीन लागलेल्या मॅडमनाही मिळतं. फक्त अपघाताची नोंद लगेच लेखी करून घ्या, संस्थावाले 'बघू' म्हणत टाळतात हो!