श्रावणबाळचे १५०० म्हाताऱ्यांच्या तब्येतीला लागू पडतात का?

बांधावरचा:
आजी ७४ ची, बीपी शुगर दोन्ही. गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट, तरी महिन्यातले दहा-दहा दिवस खाडा व्हायचा कारण दवाखाना ९ किमी लांब, जाऊन येऊन रिक्षाचे ६० रुपये आणि ते मागायचे कुणाला तर सुनेला. श्रावणबाळचे पैसे, म्हणजे म्हाताऱ्यांना सरकार दर महिन्याला देतं ती पेन्शन, चालू झाल्यापासून स्वतःच्या पिशवीतून पैसे काढते न् रिक्षात बसते, खाडा नाही. माझं मत पक्कं आहे, म्हाताऱ्या माणसाच्या हातात दर महिन्याला ठरलेला पैसा पडला की तब्येत निम्मी सुधारते. तुम्हाला काय वाटतं?

काळी माती:
नाही पटत. १५०० म्हणजे दिवसाला ५० रुपये. आमच्याकडं हा निराधारचा पगार आला की नातवाचा रिचार्ज, नाहीतर कृषी केंद्राची उधारी. म्हातारीच्या पोटात काय जातं? त्यापेक्षा तोच पैसा आरोग्य उपकेंद्रावर लावा, माणसं भरा.

बांधावरचा:
घरात जातो हे खरंय पण म्हणून वाया गेला का? जिचे पैसे घरात येतात तिला जेवलीस का म्हणून विचारतात तरी. जेवण वेळेवर झालं तर शुगरची गोळी बाधत नाही, हे पण आरोग्यच ना.

सेतूवाली ताई:
मी सेंटर चालवते, रोज बघते. २०२३ ला १००० चे १५०० केले ते चांगलंच झालं पण खरा घोळ वेगळाय. खुरपून खुरपून बोटांच्या रेषा झिजल्यात, पैसे काढायला मशीनवर अंगठा उठत नाही. कधी दोन-तीन महिन्यांचे एकदम येतात, मधल्या काळात मेडिकलवाला उधार देत नाही की गोळी बंद. आणि दाखला लागतो वर्षाला २१,००० च्या आतल्या उत्पन्नाचा, म्हणजे महिन्याला १७५०! एवढ्यात कोण जगतं? यातला केंद्र सरकारचा वाटा ८० वर्षांच्या आतल्यांना अजून २०० च आहे. बांधावरचा दादा, ठरलेला पैसा म्हणताय ना, तो ठरल्या तारखेला येऊ दे आधी.

काळी माती:
ताई तुमचं मान्य. पण माझ्या वडिलांचे पैसे वेळेवर यायचे हो. बीपी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, कधी मोजलंच नाही, बांधावर लकवा मारला तेव्हा कळलं. दीड हजार द्या नाहीतर पाच हजार द्या, पट्टा बांधून बघणारं माणूस दारात आलं नाही तर त्या पैशानं कुठली गोळी घ्यायची हेच म्हाताऱ्याला कळणार नाही.

बांधावरचा:
वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आमच्या आजीचं बीपी पण गावातल्या मोतीबिंदूच्या शिबिरात सापडलं होतं, पैसे चालू व्हायच्या दोन वर्षं आधी. हे मी वरच लिहायला पाहिजे होतं.