जुनी टूरिंग बाईक घेतली, दुरुस्त करून पुन्हा चालती केली : तुमचे अनुभव सांगा

धागाकर्ता, भांडुप

मंडळी, ओळखीतल्या एका मुलाने दोन महिन्यांपूर्वी रॉयल एनफील्डची जुनी थंडरबर्ड घेतली. टाकीवर नवाकोरा काळा रंग, क्रोम आरशासारखं. बघताक्षणी भाळला आणि पैसे मोजून मोकळा झाला. माळशेज उतरताना गाडी मागून डुलायला लागली. खोलून पाहिलं तर मागचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, बुशी पार झिजलेल्या. पोरगा सुखरूप आहे, पण मला तेव्हापासून चैन नाही. पंधरा-वीस वर्षं जुनी, लांब पल्ल्याची गाडी तुम्ही कशी पारखलीत, पैसा कुठे गेला आणि आज ती कशी चालते, ते सविस्तर लिहा.

सुरुवात मीच करतो. माझीही थंडरबर्डच, 2003ची. मुलुंडच्या एका सोसायटीत जिन्याखाली असायची, रविवारी बाजारापुरती निघायची. मालकांना फोनवरच विनंती केली, "काका, मी येईपर्यंत चालू करू नका." आधी गरम करून ठेवलेली गाडी कुणाच्याही हाताने पटकन सुरू होते, खरं काय ते थंड इंजिन सांगतं. गेल्यावर पहिल्यांदा सायलेन्सरला हात लावला. गार होता. मग आरसीवरचा चासी नंबर फ्रेमवर ठोकलेल्या नंबराशी अक्षर न् अक्षर ताडून पाहिला.

टाकीत टॉर्च मारली तेव्हा तळाला गंज दिसला. आपल्या खाऱ्या हवेत तो असणारच, म्हणून त्यापायी गाडी सोडली नाही. घरी आणल्यावर मूठभर नटबोल्ट आणि डिझेल आत घालून टाकी मांडीवर घेतली आणि तासभर हलवत बसलो. पहिल्यांदा ओतलं तेव्हा चहासारखं तांबडं आलं. पाचव्या वेळी नितळ.

गाडी 45 हजारांची, वर 41 हजार घातले. कुठल्या क्रमाने, ते महत्त्वाचं: आधी टायर आणि ब्रेक, मग कोनसेट (हँडल वळतं तिथले बेअरिंग), पुढच्या फोर्कचे ऑइल सील, वायरिंग, त्यानंतर इंजिन. रंग अजून केलेला नाही. टाकीवरचा ओरखडा काकांच्या काळचा आहे, तो तसाच ठेवलाय.

बोरिवली

माझी येझदी रोडकिंग, 250 सीसी टू-स्ट्रोक. म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद पडला. त्यामुळे माझं सांगणं एकच, गाडी पूर्ण असेल तरच घ्या. "पार्ट काय, मिळतील नंतर" असं म्हणून मी कार्ब्युरेटर नसलेली गाडी उचलली आणि मूळ कार्ब्युरेटरसाठी चोरबाजाराच्या सात चकरा झाल्या. हिची किक आणि गिअर एकाच दांड्यावर. आत ढकलून फिरवला की किक होते. तो दांडा हाताने हलवून बघा. लटपटत असेल तर शाफ्टचे दाते खाल्ले गेलेत असं समजा. आता सुरेख चालते. पेट्रोल भरताना त्यात टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) ऑइल मोजून घालायचं, एवढं विसरायचं नाही.

विक्रोळी

मी 2007मध्ये सेकंडहँड करिझ्मा घेतली. 223 सीसी, वाऱ्यासारखी पळायची. पण पावसाळा लागला की वाटेल तिथे बंद. तीन मेकॅनिक झाले, प्लग बदलून झाले, कॉइल बदलून झाली. शेवटी एका मेकॅनिकदादांनी सीट काढून वायरिंगचा एक कनेक्टर उघडला आणि माझ्या हातात दिला. आत वाळलेला चिखल, तांब्यावर हिरवी पूड. गाडी 2005च्या 26 जुलैच्या पुरात बुडालेली होती. विकणारा शेवटपर्यंत बोलला नव्हता. मुंबईत जुनी गाडी घेताना मैत्रिणींनो, सीट आणि बाजूचे पॅनल काढायला सांगाच. तो कां-कूं करायला लागला तर तिथूनच परत फिरा. मी वायरिंगचा पूर्ण संच (हार्नेस) नवा टाकला आणि त्यानंतर तिच्यावरून दोनदा गोव्याला जाऊन आले.

कळवा

गाडीबद्दल वर सगळं आलंय, मी कागदांचं सांगतो. आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म 35 (बोजा उतरवण्याचा) आणि फायनान्सवाल्यांची एनओसी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. माझा विकणारा गाव सोडून गेला आणि मी आठ महिने खेपा घालत राहिलो. गाडी नावावर करण्याच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या समोर बसून घ्या. 15 वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, तीही 5 वर्षांपुरती, आणि पर्यावरण कर वेगळा. हे भावात धरा.

गिरगाव

वडिलांची कास्ट आयर्न बुलेट, उजव्या पायात गिअर. ते गेल्यावर सहा वर्षं चाळीच्या बोळात ताडपत्रीखाली होती. पिस्टन जाम. बोअर करून घेतलं, क्लच प्लेट बदलल्या, ठिणगीचे पॉइंट नवे टाकले. तरी किक बसेना. पाय सुजला.

एक दिवस समोरच्या खोलीतले आजोबा खाली उतरले. म्हणाले, "अरे, काट्याकडे बघ." चावी लावून किक हळूहळू दाबायची, अँपिअरमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध आला की थांबायचं, डिकॉम्प्रेसर (इंजिनातला दाब सोडणारा खटका) दाबून किक जराशी पुढे न्यायची, खटका सोडायचा, आणि मग पूर्ण किक. बाबा असंच करायचे, आजोबा रोज गॅलरीतून बघायचे. पहिल्याच किकला लागली. आजोबा कठडा धरून तिथेच उभे राहिले, मीही बराच वेळ बंद केली नाही.

धागाकर्ता, भांडुप

गिरगावकर, वाचून गलबललो. त्या मुलालाही हा धागा पाठवलाय. बुशी नव्या बसल्यात. रविवारी जुन्या रस्त्याने खोपोलीचा घाट चढून बघणार आहोत, एक्सप्रेसवे दुचाकीला बंदच आहे. चढावर क्लच घसरतो का तेही कळेल. रोडकिंगवाले, क्रँक खोलला होता का? कुणाकडून करून घेतला ते लिहा, इथल्या दोघांना हवंय.