मदत हवी आहे: नवरा वारलेल्या ताई, दोन लेकरं, नाशिक. आधी कुठला कागद काढायचा?

नमस्कार मंडळी, नाशिकमधलं कुणी तहसील, अंगणवाडी किंवा एखाद्या संस्थेच्या कामातलं जाणकार असेल तर प्लीज हा धागा शेवटपर्यंत वाचा, लांबलाय, पण अर्धवट सांगितलं तर उत्तरंही अर्धवटच येतील.

पंचवटीत माझं पोळीभाजी केंद्र आहे. माझ्याकडे पोळ्या लाटायला एक ताई येतात, वय बत्तीसच्या आसपास, मूळ पेठ तालुक्यातल्या, समाज कोकणा म्हणजे एसटी. नवरा गवंड्याच्या हाताखाली कामाला जायचा, गेल्या दिवाळीनंतर त्याला कावीळ झाली, आधी गावाकडे झाडपाल्याचं औषध केलं, मग इथे सरकारी दवाखान्यात आणला तोवर लिव्हर गेलेलं, वारला. अडतीस वर्षांचा होता. थोरली मुलगी तेराची, आठवीत आहे, धाकटा दुसरीत, दोघं मनपाच्या शाळेत. पेठ रोडला फुलेनगरच्या बाजूला एका खोलीत भाड्याने राहतात. मी महिन्याला ७००० देते आणि त्यांना लाडकी बहीणचे १५०० येतात, एवढ्यावर घर चाललंय, त्यातलं भाडं किती जातं ते तुम्हीच समजून घ्या.

आता घाई कशाची ते सांगते. त्यांचा दीर म्हणतोय की एप्रिल छाटणीला द्राक्षाच्या टोळीबरोबर थोरलीला पाठवा, दिंडोरीकडे बाग धरलीय, शाळा काय नंतर होईल. दीर वाईट माणूस नाहीये हे मला मुद्दाम सांगायचंय, त्याने स्वतःच मुकादमाकडून उचल घेतलीय आणि टोळीत माणसं कमी पडतायत. पण आठवीनंतर तसंही शाळा बदलायची आहे, नववीला दुसरीकडे नाव घालावं लागणार, आणि आमच्या भागात मी बघते ना, मुली नेमक्या इथेच गळतात. एकदा टोळीत गेली की जूनमध्ये कोण तिला परत शाळेत नेऊन बसवणार. ताईंना तिला शिकवायचंय, त्या माझ्यासमोर रडल्यात त्यावरून, पण हातात पैसा नसला की घरातल्या लोकांसमोर बाईचं काही चालत नाही.

म्हणून काल संध्याकाळी त्यांचे सगळे कागद घेऊन बसले. साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळा संसार. तर नवऱ्याचं नाव आधारवर एक, मृत्यू दाखल्यावर वेगळं (दवाखान्यात भरती करताना बरोबरच्या कामगाराने केसपेपरवर जे सांगितलं तेच पुढे छापलं गेलंय), आणि रेशनकार्डावर तिसरंच, घरात हाक मारायचे ते. रेशनकार्ड पिवळं आहे पण सासऱ्यांच्या नावाचं, गावाला. ताईंच्या आधारवर पत्ता गावचा. खोलीचा मालक भाडेकरार करून द्यायला तयार नाही, लाइटबिल त्याच्या नावाचं.

सरकारी ऑफिसबाहेर बसणारा एक एजंट म्हणाला संजय गांधी निराधार करून देतो, तीन हजार द्या, २१,००० च्या आतला उत्पन्नाचा दाखला पण मीच काढतो. ताई उसने काढून द्यायला निघाल्या होत्या, मी थांबवलं. वर्षाला २१,००० म्हणजे महिन्याला १७५०, नाशिक शहरात दोन लेकरं घेऊन खोली भाड्याने घेतलेली बाई १७५० मध्ये कशी जगेल हो, ती मर्यादा वाचून मला खरंच वाईट वाटलं. आणि खोटा दाखला काढायची माझी तयारी नाही, उद्या चौकशी झाली तर एजंट गायब होईल आणि निस्तरायचं यांना.

तर सांगा, या परिस्थितीत नक्की कशाच्या मागे लागायचं, कुठला कागद आधी, आणि एक घेतलं की दुसरं बंद होतं असं काय काय आहे? काम बुडवून फिरायचं तर दिवसाचा पगार जातो (मी कापत नाही, पण त्या दुपारी अजून एक घर धरायचं म्हणतायत), त्यामुळे नीट क्रम लावून फिरायचंय.

– पंचवटी_पोळीभाजी

प्रतिसाद: दिंडोरी_नाका

ताई, मुलीचं आधी बघा. १४ च्या आतल्या मुलांना मजुरीला लावायला कायद्याने बंदी आहे, आणि सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे. अगदी हाताबाहेर गेलं तर १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करा, पण त्याआधी शाळेच्या मुख्याध्यापकांना विश्वासात घ्या. त्यांनी दिराला बोलावून दोन शब्द सांगितले तर घरातली माणसं ऐकतात, फोन केला की आधी भांडण आणि मग ताई एकट्या पडतात. हे आमच्या वस्तीत बघितलेलं आहे.

प्रतिसाद: सेविका_नाशिक

अंगणवाडीत बरीच वर्षं काम करतेय म्हणून सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे निराधारच्या मागे लागूच नका. निराधारला महिना १५०० आणि लाडकी बहीणचेही १५००, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढे पैसे मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही असा नियमच आहे. म्हणजे एजंटला तीन हजार देऊन हातात काय, तर एका खिशातले दुसऱ्या खिशात. लाडकी बहीणची ई-केवायसी झालीय ना तेवढं बघून घ्या.

खरा आधार लेकरांच्या नावाने मिळतो, आणि तेच लोकांना कुणी सांगत नाही. दोन योजना आहेत. एक राज्याची, क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, एका मुलामागे महिन्याला २२५०. दुसरी केंद्राची, मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व म्हणजे स्पॉन्सरशिप, एका मुलामागे महिन्याला ४०००. आई विधवा असलेली मुलं त्यात बसतात. एका लेकरासाठी दोन्हींतली एकच घ्यायची. वात्सल्यला कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ७२,००० आणि शहरात ९६,०००. आता तुम्हीच हिशोब करा, ७००० गुणिले बारा, ८४,०००. गावच्या पत्त्यावर दाखला काढला तर बाहेर, नाशिकच्या पत्त्यावर काढला तर आत! आणि एक पैसा खोटं सांगायची गरज नाही. तुम्ही मालकीणबाई म्हणून पगाराचं पत्र द्या लेटरहेडवर, तोच उत्पन्नाचा पुरावा लावायचा. फक्त दुपारचं दुसरं घर धरायच्या आधी हा ९६,००० चा आकडा डोक्यात ठेवा.

अर्ज नासर्डी पुलाजवळ समाजकल्याणच्या आवारात जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांचं ऑफिस आहे तिथे, जिल्हा बाल संरक्षण कक्ष विचारा. लेकरांचं आधार, जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, वडिलांचा मृत्यू दाखला, उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक, आणि बालसंगोपनला आईबरोबर मुलांचा घरासमोर उभं राहून काढलेला फोटो लागतो. मग घरी येऊन चौकशी करतात आणि बालकल्याण समितीसमोर लेकरांना घेऊन जावं लागतं. वेळ लागतो, लगेच पैसे येतील असं ताईंना सांगू नका. पण मूल शाळेत असणं यात महत्त्वाचं आहे, म्हणून दिरालाही हे समजावून सांगा, पोरगी टोळीत गेली तर थोडे पैसे एकदाच येतील, शाळेत राहिली तर दर महिन्याला घरात पैसा येईल. हे बोलणं माणसांना पटतं.

पत्त्याचं म्हणाल तर मालक करार देत नसेल तरी अडत नाही, आधारचा पत्ता बदलायला यूआयडीएआयचा ठराविक नमुना असतो, त्यावर आमदार किंवा नगरसेवकांचा सही-शिक्का आणि फोटो लावून आधार केंद्रात द्यायचा.

प्रतिसाद: सातपूरकर

नवरा बांधकामावर होता ना, मग बांधकाम कामगार मंडळाची नोंदणी होती का ते आधी शोधा. छोटं ओळखपत्र असतं, बऱ्याचदा भांड्यांचा सेट मिळाला म्हणून लोकांना आठवतं. वारला तेव्हा नोंदणी चालू असेल तर नैसर्गिक मृत्यूलाही वारसाला २ लाख आणि विधवेला वर्षाला २४,००० असे पाच वर्षं. नूतनीकरण राहिलं असेल तर अडचण आहे, म्हणून तारीख बघा.

दुसरं, त्याचं बँक पासबुक भरून आणा आणि मे-जूनमध्ये ४३६ रुपये कापले गेलेत का बघा. ते प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याचे असतात, कुठल्याही कारणाने मृत्यू झाला तरी २ लाख. २० रुपयांची एंट्री वेगळी, ती अपघाताची, तिचा इथे उपयोग नाही. खातं उघडताना फॉर्मवर सह्या घेतलेल्या असतात, घरी कुणालाच माहीत नसतं.

आणि पिवळं कार्ड आहे म्हणजे गावी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असू शकतं. तसं असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकदाच २०,००० मिळतात, कमावता माणूस १८ ते ५९ मध्ये वारला असेल तर. तो अर्ज तहसीलला. म्हणून रेशनकार्डातून नाव कमी करून वेगळं कार्ड काढायची घाई करू नका, आधी ग्रामसेवकांकडून यादीचा उतारा घ्या, मग बाकीचं.

प्रतिसाद: पंचवटी_पोळीभाजी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सातपूरकर दादा, पासबुक भरून आणलं. मे महिन्याच्या शेवटी ४३६ वजा झालेत!! त्याच्या आदल्या वर्षीचीही एंट्री आहे. ताईंना काहीच माहीत नव्हतं, त्यांना वाटायचं बँक असेच पैसे कापते. बांधकामाचं कार्ड सापडलंय पण तारीख पुसट झालीय, ऑनलाइन बघायला सांगितलंय भाच्याला.

पण बँकेत विचारलं तर ते म्हणाले मृत्यू दाखल्यावरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळत नाही, आधी ते करून आणा. खात्यावर आधारसारखंच आहे. म्हणजे सगळं तिथेच येऊन अडतंय. ही दुरुस्ती कुठे होते, पेठला जायचं का? सासरे सही द्यायला तयार आहेत, ते म्हणाले पोरगी शिकली तर शिकू दे, हे ऐकून मला फार बरं वाटलं. पण त्यांना उगाच नाशिकला ओढायला नको, गुडघे गेलेत त्यांचे.

प्रतिसाद: कोर्टगल्ली

पेठला नाही. मृत्यू जिथे झाला तिथे नोंद असते, नाशिक शहरात वारले म्हणजे मनपाच्या जन्म-मृत्यू विभागात, दाखल्यावर ज्या विभागीय कार्यालयाचा शिक्का आहे तिथे जायचं. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ मध्ये नोंदीत दुरुस्ती करायची तरतूद आहे, त्यामुळे होत नाही असं कुणी म्हणालं तर घाबरू नका. नवऱ्याचं आधार, ताईंचं आधार, बँक पासबुक आणि दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं ताईंचं प्रतिज्ञापत्र. आधी दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागात अर्ज द्या, केसपेपरवरचं नाव दुरुस्त करून त्यांचं पत्र मिळालं तर मनपात काम सोपं होतं, कारण नोंद दवाखान्याने पाठवलेल्या माहितीवरून होते. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

प्रतिज्ञापत्र किंवा पुढे काही कायदेशीर लागलं तर सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईमाणसाला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो, शिवाय एसटी आहेत म्हणजे तोही निकष आहेच. १५१०० वर फोन करूनही विचारता येतं. एजंटचं नाव काढू नका.

लेकरांचे जातीचे दाखले मात्र गावाकडूनच काढावे लागतील, एसटीला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा रहिवास बघतात, म्हणजे आजोबांच्या किंवा पणजोबांच्या शाळेच्या, महसुली नोंदी. ते सासऱ्यांकडून सुट्टीत करून घ्या, आत्ता त्यात अडकू नका.

प्रतिसाद: पंचवटी_पोळीभाजी

समजलं. म्हणजे आधी दवाखान्याचं पत्र, मग मनपात मृत्यू दाखला, मग बँक, आणि मध्ये मध्ये आधारचा पत्ता आणि नाशिकचा उत्पन्न दाखला म्हणजे बालसंरक्षण कक्षाचा अर्ज तयार. मुख्याध्यापक बाईंशी बोललेय, त्या उद्या दिराला शाळेत बोलावतायत आणि नववीसाठी जवळची शाळा त्या स्वतः बघून देणार म्हणाल्यात.

सेविका ताई, एकच राहिलं. धाकट्याचा जन्मदाखला गावचा आहे आणि त्यावर मुलाचं नावच नाहीये, नुसतं आईवडिलांचं आहे. त्यात नाव घालायला ग्रामपंचायतीत ताईंनाच जावं लागेल की सासरे अर्ज देऊ शकतात? आणि पेठ रोड-फुलेनगर भागातलं कुणी नासर्डी पुलाच्या ऑफिसला स्वतःच्या कामासाठी जाणार असेल तर कळवा, ताई बरोबर येतील, रिक्षाचे मी देते.